मातीचा कस आणि प्रयोगशाळेची कसोटी

सोन्याला कस असतो, तसा जमिनीलाही कस असतो. आपल्या भाषेने हे दोन्ही गुण एकाच शब्दात बसविले आहेत. सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफ काळा दगड वापरतो, आणि जमिनीचा कस पाहण्यासाठी आज माती-परीक्षण प्रयोगशाळा आहेत. मातीची पिशवी द्यावी, काही दिवसांनी छापील कागद घ्यावा, आणि त्यावरचे आकडे वेदवाक्य मानून खताचे दुकान गाठावे, अशी रीत आता पडली आहे. परंतु कसोटीचा दगडच झिजलेला असेल तर? प्रयोगशाळा मातीची परीक्षा घेते. त्या प्रयोगशाळेची परीक्षा कोण घेतो आणि कशी घेतो, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शोभेल, शहरातल्या श्रोत्यांना त्याचे काय, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, आपणांपैकी पुष्कळांची गावाकडे वाटणीची जमीन आहे आणि ज्यांची नाही त्यांच्या ताटात तिथलीच भाकरी आहे. खतावर सरकार जे अनुदान देते ते आपल्याच करांतून जाते. पिकाने न उचललेले नत्र पावसाबरोबर खाली झिरपते आणि नायट्रेटच्या रूपाने विहिरीच्या पाण्यात येते. शिवाय आज जे मातीविषयी सांगणार आहोत ते थोड्याफार फरकाने रक्तातल्या साखरेच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसही लागू आहे.

खोट्या आकड्याचे सोंग

वाण्याने वजनात मारले तर घरी दुसरा काटा असतो. निदान शेजारच्या दुकानात तोच माल पुन्हा जोखून घेता येतो. मातीच्या अहवालाचे तसे नाही. त्यावर स्फुरद हेक्टरी १४ किलो लिहिलेले असो वा २२ किलो, दोन्ही आकडे सारख्याच टाइपात, सारख्याच शिक्क्याखाली छापलेले असतात. खऱ्या आकड्याच्या कपाळी टिळा नसतो आणि खोट्याच्या पाठीला शेपूट नसते. शेतकऱ्याला चूक कळलीच तर ती हंगाम संपल्यावर, आणि तेव्हाही तो दोष पावसाला, बियाण्याला नाही तर नशिबाला देतो. यास्तव येथे चूक पकडण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकता येत नाही. जो आकडा देतो त्यानेच तो पाठविण्यापूर्वी संशयाने पाहिला पाहिजे. या शिस्तबद्ध संशयालाच शास्त्रीय भाषेत गुणनियंत्रण म्हणतात.

भारतात माती-परीक्षण प्रयोगशाळांची पद्धतशीर सुरुवात १९५५-५६ साली भारत-अमेरिका सहकार्य कराराखाली झाली. पुढे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेचा आरंभ झाला आणि माती-परीक्षण खेडोपाडी पोचले. या पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद असते : सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन. बारा आकडे म्हणजे चुकण्याच्या किमान बारा जागा, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

शितावरून भात

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण खरी ठरते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. शेत हे असे पातेले नव्हे. एक हेक्टर जमिनीतील वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे साडेबावीस लाख किलो माती असते, आणि सेंद्रिय कर्बासाठी प्रयोगशाळेत बहुधा एक ग्रॅम माती तोलतात. म्हणजे हा एक ग्रॅम सव्वादोनशे कोटी ग्रॅमांच्या वतीने साक्ष देत असतो. साक्षीदार नीट निवडला नाही तर वकील कितीही हुशार असून उपयोग नाही.

म्हणून शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून माती घ्यावी, बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, खताच्या ढिगाची जागा टाळावी, सगळी माती मिसळून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत राहावे, असा नियम आहे. माती सावलीत वाळवावी. हे सारे पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्या बादलीत माती मिसळायची त्या बादलीकडे कोणी पाहत नाही. ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल तर तिचे जस्त मातीत उतरते. मातीतल्या उपलब्ध जस्ताची नेहमी धरली जाणारी मर्यादा दहा लाख भागांत ०.६ भाग इतकी सूक्ष्म आहे. तेथे बादलीचा एक ओरखडाही भारी पडतो. ज्या शेताला जस्ताची खरी गरज आहे त्याच्या पत्रिकेवर मग ‘जस्त पुरेसे’ असा शेरा पडतो. पितळेच्या चाळणीतून तांबे व जस्त येते, रबरी बुचातून जस्त येते, आणि प्रयोगशाळेतल्या उत्तम प्रतीच्या बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन येते. म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी प्लॅस्टिकची बादली आणि नायलॉनची किंवा गंजरोधक पोलादाची चाळणी सांगितली आहे, आणि बोरॉनसाठी तर काच वर्ज्यच आहे.

तीन पहारेकरी

आता माती प्रयोगशाळेत पोचली. तेथे नमुने एकेक करून तपासत नाहीत. जिलबीचा घाणा काढावा तसे वीस-वीस, चाळीस-चाळीस नमुने एकदम घेतात. प्रत्येक घाण्यावर तीन पहारेकरी बसवावे लागतात.

पहिला पहारेकरी म्हणजे कोरी चाचणी; प्रयोगशाळेत तिला ‘ब्लँक’ म्हणतात. सगळी रसायने घालायची, सगळ्या क्रिया करायच्या, माती मात्र घालायची नाही. न घातलेल्या मातीची तपासणी कशाला, असे नवख्याला वाटते. तिचे महत्त्व सेंद्रिय कर्बाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली आणि ब्लॅक यांची पद्धत १९३४ सालची आहे आणि ती आजही आपल्याकडे सर्वत्र चालते. तिची युक्ती अगदी घरगुती आहे. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवावे आणि परत आणलेली मोड मोजून खर्च किती झाला ते काढावे, तशी. एक ग्रॅम मातीवर पोटॅशियम डायक्रोमेटचे ठरावीक द्रावण दहा मिलिलिटर ओततात आणि त्यात तीव्र गंधकाम्ल घालतात. मातीतला कर्ब जळताना काही डायक्रोमेट खर्च होते. उरलेले किती ते फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणाने, ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून मोजतात. कोऱ्या चाचणीत माती नसल्यामुळे काहीच खर्च होत नाही. तेव्हा पूर्ण डायक्रोमेटला किती द्रावण लागते ते कळते.

समजा, कोऱ्या चाचणीस २० मिलिलिटर लागले आणि मातीच्या चाचणीस १६. फरक ४ चा. हिशेब केला की कर्ब ०.६० टक्के येतो. नेहमीच्या वर्गवारीत ०.५० ते ०.७५ म्हणजे मध्यम. आता गोम अशी की, हे फेरस द्रावण हवेने हळूहळू विटते. चार दिवसांत त्याची ताकद थोडी उतरली आणि कोऱ्या चाचणीस २० ऐवजी २१ लागू लागले असे धरू. त्याच मातीलाही मग १६ ऐवजी १६.८ लागतील. प्रयोगशाळेने त्या दिवशी नवी कोरी चाचणी केली असेल तर उत्तर पुन्हा ०.६० च येईल. पण ‘परवाच तर केली होती’ असे म्हणून जुनेच २० धरले तर फरक ३.२ चा, आणि कर्ब ०.४८ टक्के ! माती तीच, माणूस तोच, पद्धत तीच. तरी मध्यम जमीन कागदावर निकृष्ट झाली. द्रावण पाच टक्के उतरले आणि उत्तर वीस टक्के चुकले. दहा मिनिटांचा आळस किती महाग पडतो ते यावरून दिसेल.

कोरी चाचणी आणखीही चोर पकडते. स्फुरद मोजताना मातीच्या अर्काचा रंग घालविण्यासाठी कोळशाची पूड वापरतात. तो कोळसा नीट धुतलेला नसेल तर त्यातच स्फुरद असते, आणि ते प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. कोऱ्या चाचणीत माती नसताना स्फुरद दिसले म्हणजे समजावे की ते घरातूनच आले.

दुसरा पहारेकरी म्हणजे जोड-चाचणी. दर दहा नमुन्यांमागे एखादा नमुना दोनदा तपासायचा. दुसऱ्या वेळी त्याला वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे तपासणाऱ्यास तो ओळखता येत नाही. हे अविश्वासापोटी नाही. पहिला आकडा माहीत असला की डोळा ब्युरेटवर तोच आकडा शोधतो. हा मनुष्यस्वभाव आहे.

परंतु दोन उत्तरे जुळली म्हणजे ती खरी असतात असे नाही. आंब्याच्या झाडावर नेम धरून कोणी पाच दगड मारले आणि पाचही दगड कैरीच्या हातभर डावीकडे एकाच फांदीवर बसले, तर हात स्थिर आहे असे म्हणू. नेम बरोबर आहे असे म्हणणार नाही. स्थिरपणा आणि अचूकपणा हे दोन वेगळे गुण आहेत. जोड-चाचणी स्थिरपणा दाखविते; अचूकपणा दाखविण्यास तिसरा पहारेकरी लागतो.

तो म्हणजे कसोटीची माती. चाळीस-पन्नास किलो माती एकदाच आणून, वाळवून, बारीक करून, चाळून, पुनःपुन्हा घोळून एकजीव करतात; चांगल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांकडून आणि प्रमाणित मातीशी ताडून तिचे आकडे निश्चित करतात आणि बाटल्यांत भरून ठेवतात. मग प्रत्येक घाण्याबरोबर ही माती अनोळखी पाहुण्यासारखी पंगतीस बसते. तिचे उत्तर ठाऊक असते. ते बरोबर आले तर पंगतीतल्या इतरांच्या उत्तरांवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. ते चुकले तर संपूर्ण घाणा थांबवून पुन्हा करावयाचा. त्यात सूट नाही.

थेंबांचा आलेख

कसोटीच्या मातीचे उत्तर रोज अगदी तेच कधी येत नाही. थोडेफार इकडेतिकडे होणारच. मग किती हलले म्हणजे घाबरावे? या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर मातीच्या शास्त्रज्ञाने दिलेले नाही. ते दिले टेलिफोनचे साहित्य बनविणाऱ्या अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या वॉल्टर शूहार्ट यांनी, १९२४ साली. हे गृहस्थ १९४७-४८ साली प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतातही आले होते.

त्यांची रीत अशी. कसोटीच्या मातीची वीस-तीस दिवसांची उत्तरे घ्यावी, त्यांची सरासरी काढावी, आणि उत्तरे तिच्याभोवती किती पसरतात त्याचे माप काढावे. समजा, सेंद्रिय कर्बाची सरासरी ०.६२ आणि पसाऱ्याचे माप ०.०२ आले. मग कागदावर ०.६२ ची मधली रेघ काढावी. दोन मापे वरखाली, म्हणजे ०.५८ आणि ०.६६ येथे इशाऱ्याच्या रेघा. तीन मापे वरखाली, म्हणजे ०.५६ आणि ०.६८ येथे थांबण्याच्या रेघा. रोजचे उत्तर एका ठिपक्याने मांडावे. सर्व ठीक चालले असता शंभरात सुमारे पंचाण्णव ठिपके इशाऱ्याच्या रेघांच्या आत पडतात, आणि थांबण्याच्या रेघेबाहेर हजारात तीन. तेव्हा ठिपका बाहेर गेला म्हणजे योगायोग म्हणून सोडू नये, कारण शोधावे.

या आलेखाचा आणखी एक गुण आहे. सलग सात-आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच अंगाला पडले, तर प्रत्येक ठिपका मर्यादेत असूनही काहीतरी बिघडू लागले आहे असे समजतात. स्फुरदाचे उदाहरण घ्या. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीसाठी ऑल्सेन यांची १९५४ सालची पद्धत वापरतात. तीत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती अर्धा तास हलवितात. हे द्रावण उन्हाळ्यात अधिक स्फुरद ओढून काढते. जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी तीच माती वेगळी उत्तरे देते. आणि खरिपापूर्वीची झुंबड तर नेमकी मे महिन्यातच उडते. खोलीचे तापमान सांभाळले नाही, तर आलेखावरचे ठिपके उन्हाबरोबर वर चढताना स्पष्ट दिसतात. आलेख नसेल तर कोणासही काही दिसत नाही.

पद्धत निवडण्याची चूक मात्र कोणताही आलेख पकडू शकत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला स्फुरदासाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ सालची पद्धत योग्य. तेथे देशावरची पद्धत लावून अचूक मोजले तरी अर्थ चुकतो. खाऱ्या जमिनीत मिठातला क्लोराइड डायक्रोमेट खातो आणि सेंद्रिय कर्बाचे सोंग घेतो. त्यासाठी सिल्व्हर सल्फेट घालावे लागते. शिवाय वॉकली-ब्लॅक पद्धतीने सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो, म्हणून काही प्रयोगशाळा उत्तराला १.३ ने गुणतात आणि काही गुणत नाहीत. वरचा ०.६० टक्के कर्ब गुणल्यावर ०.७८ होतो, म्हणजे मध्यमचा भरपूर ! दोघांचेही काम चोख, तरी शेतकरी गोंधळात. म्हणून ज्या अहवालावर पद्धतीचे नाव नाही तो अहवाल अपुरा समजावा.

बाहेरचा आरसा

घरातल्या घड्याळाला घरातलेच घड्याळ लावून वेळ साधत नाही. म्हणून एकाच मातीच्या बाटल्या अनेक प्रयोगशाळांना पाठवून उत्तरे ताडून पाहण्याची प्रथा आहे. सर्वांची मिळून जी मान्य किंमत ठरते तिच्यापासून आपण किती दूर आहोत हे पसाऱ्याच्या मापात सांगतात : दोन मापांच्या आत असला तर ठीक, तिनांच्या पलीकडे गेलात तर काम थांबवून दोष शोधा. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथून असा उपक्रम जगभर चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली जगातील माती-प्रयोगशाळांचे जाळे उभारले, त्यामागेही हाच हेतू आहे की, एका देशातला आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशी बोलू शकावा. आपल्याकडे आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. ‘एनएबीएल’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते.

येथे गुणनियंत्रण आणि गुणहमी यांतला भेद सांगणे इष्ट होईल. आमटी चाखून मीठ पाहणे हे नियंत्रण. मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणे, नव्या सुनेला मोजमाप शिकविणे, डाळ केव्हा आणली ते लिहून ठेवणे ही हमी. प्रयोगशाळेत तराजू ठरावीक मुदतीने प्रमाणित वजनांशी ताडणे. सामू-मापक रोज ४, ७ आणि ९.२ सामूच्या द्रावणांवर लावून घेणे. प्रत्येक बाटलीवर द्रावण केव्हा, कोणी केले ते लिहिणे. वहीत खाडाखोड न करता चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करणे, ही सारी हमीची अंगे. नियंत्रण आजची चूक पकडते. हमी उद्याची चूक होऊ देत नाही.

खरी अडचण

इतके सर्व ठाऊक असून चुका का होतात? आमच्या मते अडचण ज्ञानाची नाही, हिशेबाची आहे. पहारेकऱ्यांच्या चाचण्या धरल्या तर दर शंभर शेतकऱ्यांमागे पंधरा-वीस चाचण्या जादा कराव्या लागतात. त्यांचा अहवाल कोणास जात नाही, त्यांची गणती उद्दिष्टात होत नाही, आणि त्यांवर रसायन मात्र खर्च होते. वर्षअखेर किती पत्रिका वाटल्या एवढेच विचारले गेले, तर पहिली कात्री याच चाचण्यांवर चालते. आणि कात्री चालविणाऱ्याचे त्या दिवशी काहीच बिघडत नाही, हेच या प्रकरणातले दुखणे आहे. बिघडते ते दूरच्या एखाद्या शेतात, ज्याचा मालक प्रयोगशाळेत कधी येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कसोटीची माती चुकली असे सांगत जो साहाय्यक येतो, त्याने चाळीस नमुने पुन्हा करण्याची वेळ आणलेली असते. त्याच्यावर वरिष्ठ रागावले, तर पुढच्या खेपेस ती माती चुकणारच नाही. तिचा आकडा वहीत आपोआप बरोबर पडेल. सलग महिनाभर कसोटीच्या मातीचे उत्तर तिळमात्र हलले नाही असा आलेख दिसला, तर जाणता परीक्षक कौतुक न करता भुवया उंचावतो, कारण खरे मोजमाप थोडे थरथरतेच. चूक सांगणाऱ्याला जेथे शाबासकी मिळते, तेथेच आलेख खरे राहतात.

आपणांपैकी ज्यांची जमीन आहे त्यांनी पुढच्या वेळी माती देताना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. प्रत्येक घाण्याबरोबर कसोटीची माती लावता काय? तिचा आलेख पाहावयास मिळेल काय? बाहेरच्या प्रयोगशाळांशी ताडून पाहण्याच्या उपक्रमात भाग घेता काय? जेथे काम चांगले चालते तेथे या प्रश्नांचा राग येणार नाही; उलट आलेखाचा कागद आनंदाने पुढे येईल. आणखी एक उपाय तर प्रत्येकाच्या हातचा आहे. आपल्याच शेतातली माती नीट मिसळून दोन पिशव्यांत भरावी आणि दोन वेगळ्या नावांनी द्यावी. दोन्ही कागद जवळजवळ सारखे आले, तर निदान हात स्थिर आहे एवढे समजेल. आणि फारच वेगळे आले, तर ते दोन्ही कागद घेऊन प्रयोगशाळेत जावे, शांतपणे समोर ठेवावे, आणि खताचे पोते विकत घेण्यापूर्वी उत्तर मागावे.